बोटीचा पार्ट

तारकर्ली
१५ ऑक्टोबर २०२४

चि. सुदेश,

आशीर्वाद पाठवले तर तू ते परत पाठवशील, म्हणून नुसतं 'चि.' लावून नाव लिहिलंय.

आजच्या काळात पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर तू माझा नंबर ब्लॉक केलास. शर्मिलाच्या फोनवरून केला, तोही ब्लॉक केलास. मे महिन्यात आमच्या होमस्टेवर सांगलीचे एक डॉक्टर उतरले होते. त्यांच्या फोनवरून केला, तर माझं नुसतं 'हॅलो' ऐकून तू त्या भल्या माणसालाही ब्लॉक केलंस. वहिनीवर तुझा राग नाही, डॉक्टरांवर तर नाहीच नाही, पण माझ्यापायी सगळेच गेले. आता पोस्ट खातं तेवढं उरलंय. पोस्टातला मितेश म्हणाला, रजिस्टर करा, घेणाऱ्याची सही होऊन पोचपावती परत येते. म्हणजे तू वाचलं नाहीस तरी बदलापूरला तुझ्या दारात पोचलं एवढं तरी मला कळेल.

विषय थोडक्यात सांगतो. कॅसेट सापडली.

कुठली ते तुला सांगायला नको. तरी सांगतो, कारण तू तुझ्या सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतोस. बाबा बोटीवर होते तेव्हा नव्वद साली जपानहून त्यांनी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्याची ही एकुलती एक कॅसेट, लाद्यांच्या खेळाची. पडद्यावर माशांची चित्रं असलेल्या लाद्यांची भिंत. सारख्या दोन लाद्या शेजारी आणल्या की त्या जातात, सगळ्या गेल्या की पुढचा डाव. असे साठ डाव. बाबा गेल्यावर आपण वाटणीला बसलो, तेव्हा नारळ, काजूची बाग, घर, विहीर हे सगळं चहा निवायच्या आत वाटून झालं. भांडायला काही उरलंच नव्हतं. मग जेवायला बसल्यावर तू म्हणालास, "दादा, बाकी काय नाय दिलंस तरी चलात, माका ती कॅसेट दी." मी म्हणालो, ती हरवली. त्यावर तू जो पानावरून उठलास तो उठलासच. सात गणपती झाले, तू घरात पाऊल टाकलं नाहीस.

तर ती खरोखरच हरवली होती. पोटमाळ्यावर बाबांच्या ट्रंकेमागे पडली होती, दसऱ्याच्या साफसफाईत मिळाली. मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे.

बाकी सर्व ठीक. आईची तब्येत बरी, फक्त डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. मी सध्या मासे सोडलेत, पित्तासाठी.

कॅसेट घ्यायला ये. पार्सलने पाठवणार नाही. वाटेत फुटेल.

सत्यवान


तारकर्ली
५ नोव्हेंबर २०२४

चि. सुदेश,

पोचपावती आली. सही दीपिकाची. अक्षर चांगलं आहे तुझ्या बायकोचं, तुझ्यासारखं नाही.

मागच्या पत्रात एक-दोन गोष्टी जरा इकडच्या तिकडे झाल्या होत्या, त्या दुरुस्त करतो. माझं मन वगैरे मला खात नाहीये. पण आई दर रविवारी खोलीचं दार लावून तुझ्याशी फोनवर बोलते. तिने तुला सगळं सांगितलंच असणार, आणि ती सांगते तेव्हा माझी बाजू कोणी मांडत नाही.

कॅसेट पोटमाळ्यावर नव्हती. माझ्या कपाटात होती, लग्नातल्या कोटाखाली. वाटणीच्या दिवशीही तिथेच होती. आता तू हे पत्र फाडणार असशील तर एक मिनिट थांब, पुढचं वाचून मग फाड. पुढे माझी फजिती आहे.

तू गेलास त्याच वर्षी दसऱ्याआधी आईने कपाट आवरायला काढलं आणि ती तिच्या हाती लागली. दमट हवेने लेबल कधीच निघून गेलं होतं. राखाडी प्लास्टिकचा तुकडा आणि खाली पितळी दात, एवढंच. आई म्हणाली, "सत्या, ह्या काय रे?" माझी बोबडी वळली. तोंडातून निघून गेलं, "बाबांच्या बोटीचो पार्ट."

"खयचो पार्ट?"

"इंजिनाचो."

आता बाबांच्या बोटीचा पार्ट म्हटल्यावर आपली आई काय करणार? तिने तो डोळ्यांना लावला आणि खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मांडला. तेव्हापासून दरवर्षी ओटीवर आपला कोयता, पहार, विळी, होडीचं इंजिन, मिक्सर, वायफायचा डबा अशी रांग लागते आणि मधोमध, मानाच्या जागी, लाद्यांची कॅसेट. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, वरून तीर्थाचे चार थेंब. आई मला सांगायची, "बापाशीच्या पार्टाक हात जोड." सात वर्षं मी त्या कॅसेटला हात जोडतोय सुदेश. शर्मिला शेजारी उभी राहून हसू दाबायची, कारण तिला माहीत होतं. कुठल्याही कोर्टाने मला याहून मोठी शिक्षा दिली नसती.

यंदा विनीत नावाचा पाहुणा होता. पुण्याचा, तिशीतला, चष्मेवाला, अंगाने काडी. जुने व्हिडिओ गेम जमवणं हा त्याचा छंद. सकाळी घावणे खाऊन तो पूजेचे फोटो काढत होता, काढता काढता एकदम खाली बसला. म्हणाला, "काका, हे इथे कसं?" मी डोळ्यांनी खुणावतोय, भुवया उडवतोय, पण तो माझ्याकडे बघेल तर ना! म्हणाला, हा खेळ फार थोडा निघाला होता, जमवणाऱ्यांना आजवर पाच-सहाच कॅसेटी सापडल्यात आणि त्यातली एकही चालत नाही.

आई त्याला समजावून सांगायला लागली, "बाबा, तो बोटीचो पार्ट आसा."

"नाही आजी, हा व्हिडिओ गेम आहे."

आईने हातातलं तबक खाली ठेवलं.

"सत्या, ही ती कॅसेट?"

"व्हय."

"जिच्यापायी माझो झील सात वर्षा ह्या घरात जेवक नाय, ती?"

"व्हय."

"आणि मी हिका हळद-कुंकू लावलंय?"

मी खाली ठेवलेलं तबक उचलून आत पळालो.

पित्तबित्त काही नाही. आईने माझे मासे बंद केलेत. आज चोवीस दिवस झाले. घरात बांगड्याचं तिखलं होतं, पाहुण्यांना तळलेली सुरमई जाते आणि मालकाच्या ताटात कुळथाची पिठी. मी काही बोललो की म्हणते, "सुदेश हयसर येवन जेवलो काय तुका वाढतंय." शर्मिलाने एकदा दोन कोळंब्या माझ्या भाताखाली लपवल्या होत्या. आईला दिसत नाही असं डॉक्टर म्हणतात, पण त्या दोन कोळंब्या तिला दिसल्या.

तर असं आहे. मी तुझ्याशी खोटं बोललो. का, ते विचारू नकोस. मोठा भाऊ आहे म्हणून माफी मागत नाही, पण मागितली असं समज.

सत्यवान


तारकर्ली
२७ नोव्हेंबर २०२४

चि. सुदेश,

यावेळी पोचपावतीवर सलोनीची सही. पोरगी सही करायला लागली! मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती पडलेला दात हातावर घेऊन सगळ्या वाडीला दाखवत फिरत होती.

कॅसेट चालू झाली. विनीत पुण्याला जाऊन स्वतःचं जपानी मशीन आणि रंगीत चित्र यावं म्हणून कसला तरी डबा घेऊन परत आला. कानातला मळ काढायच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन दोन तास तो कॅसेटचे दात पुसत होता. प्रत्येक काडी पिवळी होऊन बाहेर येत होती. शेवटी म्हणाला, "काका, मी आजपर्यंत गंज काढलाय, धूळ काढलीय, एकदा झुरळ काढलंय. हळद पहिल्यांदाच." मी म्हटलं, हळद जंतुनाशक असते. आई आतून म्हणाली, "माज्या हळदीक नाव ठेवू नको म्हणान सांग त्येका."

आणि लागला, सुदेश! तोच टिणटिण आवाज. पण रंगीत! बाबांच्या मशीनवर आपल्या टीव्हीला रंग यायचेच नाहीत, आपण तो खेळ सगळा काळा-पांढरा खेळलो. आपण ज्याला तारली म्हणायचो ती गुलाबी आहे. बांगडा निळा, ते ठीक. आणि तो मिशावाला मासा, ज्याला आपण 'तलाठी' म्हणायचो, तो चक्क पोपटी निघाला. मला एकदम तुला हाक मारून दाखवावंसं वाटलं. मी "सुदेशा—" एवढं बोललोसुद्धा. मग विनीत म्हणाला, कोण सुदेश?

इथे माझ्या हातून एक गोष्ट झाली. विनीत चांगला खेळतो, एकतिसाव्या डावापर्यंत गेला. पण पुण्याचा मुलगा आपल्या ओटीवर बसून आपल्याच कॅसेटवर शहाणपणा करतोय हे मला सहन होईना. मी म्हणालो, "माझ्या धाकट्या भावाने चौऱ्याण्णव साली साठच्या साठ डाव सोडवले होते. तेरा वर्षांचा होता तेव्हा."

विनीतच्या हातातलं खेळायचं बटण पडलं. म्हणाला, "शेवट पाहिला त्यांनी? शेवट आजवर कोणीच पाहिलेला नाही."

मी सांगून टाकलं. तू तेव्हा सांगितलं होतंस तसं, जसंच्या तसं. शेवटची लादी गेली की पडदा मोकळा होतो, लांबून एक होडी येते, मागे दीपस्तंभ, आणि होडीत पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस आपल्याकडे बघून हात हलवतो.

तेव्हा तुझ्यावर कोणाचा विश्वास बसला नव्हता. वाडीने तुझं नाव 'बंडल्या' ठेवलं आणि ते तुझ्या लग्नाच्या पंगतीपर्यंत टिकलं. ते नाव पहिल्यांदा मी ठेवलं होतं. हे मी याआधी कधी कबूल केलेलं नाही.

विनीतने हे त्याच्या जमवणाऱ्यांच्या गटात कळवलं. कुठल्याशा जपानी गृहस्थाचं तीन उद्गारचिन्हांचं उत्तर आलं. आता तू माणसात आलास बघ.

विनीतला कॅसेट पुण्याला न्यायची होती. आई म्हणाली, सात वर्षं पूजलेली वस्तू देवाला विचारल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मग गेलो देवळात कौल लावायला. भाई गुरवाने देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना कळ्या लावल्या, उजवी पडली तर न्यायची, डावी पडली तर घरात ठेवायची, आणि गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या नर्मदेन आणि तिच्या झिलान ही जी काय वस्तू तुज्या पायाकडे आणून ठेवलेली आसा, ती बोटीचो पार्ट आसांदे नायतर पोरांचो खेळ आसांदे, तिका सात वर्षा हळद-कुंकू लागलेला आसा रे म्हाराजा! ती पुण्याक जावची काय घरात ऱ्हवची, ता तू उजवो नायतर डावो देवन सांग! आणि ह्या घरात कोण काय खोटानाटा बोललो आसात, तर त्येका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो, आणि मग भाई काय म्हणाला ते माझ्या ध्यानात आलं. विनीतने हे सगळं शूट केलंय.

डावी कळी पडली. कॅसेट घरातच राहणार. विनीतने बिचाऱ्याने देवाचं ऐकलं, आपलं मशीन इथे ठेवलं आणि गेला. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत तो कॅमेरा घेऊन येणार आहे. तोवर तू यायचंस, त्याच्यासमोर साठ डाव सोडवायचेस, आणि शेवट जगाला दाखवायचास. बघ, तुझं नाव साफ होण्याची वेळ आलीय. मी काय म्हणतो, राग बाजूला ठेव आणि ये.

सत्यवान


तारकर्ली
१९ डिसेंबर २०२४

सुदेश,

पोचपावतीवर या खेपेला तुझी सही. मी मितेशला तीन वेळा विचारलं, हीच का. तो म्हणाला, "दादानू, मी काय हस्ताक्षरतज्ज्ञ नाय." पण तुझीच आहे. शेपूट तशीच खाली जाते.

मी सध्या खेळतोय. नुसतं मशीन पडून राहतं म्हणून सुरुवात केली. आता सकाळी पाहुण्यांची न्याहारी झाली की बसतो तो जेवायला हाक येईपर्यंत. नाशिकच्या एका कुटुंबाला डॉल्फिन दाखवायला होडी सांगायची होती ती विसरलो. ते लोक किनाऱ्यावर उभे, आणि मी इथे तलाठ्याला तलाठी जुळवतोय. शर्मिलाने मशीन विहिरीत टाकीन म्हणून सांगितलंय. तरी मला एक गंमत कळलीय, मी बरा खेळतो. लहानपणी तू मला कधी बटण देतच नव्हतास.

चाळिसावा डाव काल सुटला. एक्केचाळिसाव्यात अडकलोय.

सहज विचारतो. एक्केचाळिसावा डाव तू कसा सोडवला होतास?

सत्यवान


तारकर्ली
९ जानेवारी २०२५

सुदेश,

तुझं उत्तर आलं नाही. पोचपावती मात्र आली, सही तुझीच. तेव्हाच मला कळलं की मी का विचारलं ते तुला कळलंय.

एक्केचाळिसाव्या डावापासून पुढे सगळ्या लाद्यांवर एकच मासा आहे. एकच. फरक फक्त रंगाचा. लाल तारलीला लाल तारली, हिरवीला हिरवी, जांभळीला जांभळी. आपल्या टीव्हीवर त्या सगळ्या तारल्या एकाच राखाडी रंगाच्या दिसल्या असणार. त्या टीव्हीवर एक्केचाळिसावा डाव कुणाच्या बापाला सुटला नसता. तुला सुटला नव्हता. तू शेवट पाहिलाच नव्हतास. बंडल्या तो बंडल्याच!

मला आधी हसू आलं, मग राग आला, मग वाटणीचा दिवस आठवला. बाग नको, विहीर नको, फक्त कॅसेट दे. मी सात वर्षं समजत होतो की तुला आठवण म्हणून हवीय. तुला ती समुद्रात टाकायची होती, की नाही? कोणी पुढेमागे रंगीत टीव्हीवर लावेल आणि तुझं बिंग फुटेल म्हणून. मी तुझ्याशी खोटं बोलून ती लपवली, आणि तू तुझं खोटं लपवायला ती मागत होतास. आणि यावर आपण दोघं सात वर्षं बोललो नाही. आपल्यासारखे शहाणे जिल्ह्यात सापडायचे नाहीत.

परवा मंगळवारी साठावा डाव सुटला. सकाळी अकराची वेळ. शर्मिला बाजारात, पाहुणे पाण्यात. घरात मी आणि आई. शेवटच्या दोन जांभळ्या तारल्या जुळल्या आणि पडदा मोकळा झाला. खोटं कशाला सांगू, तुझी होडी येणार नाही हे माहीत असूनसुद्धा मी तिची वाट बघत होतो.

होडी नाही, दिवा नाही. दोन ओळी जपानी अक्षरं आली आणि खेळ परत पहिल्या डावावर. मी मोबाईलवर फोटो काढून भाषांतर करून घेतलं. "छान खेळलास. आता अभ्यासाला बस."

सत्तेचाळीस वर्षांचा आहे मी.

हसत होतो तेवढ्यात मागे बघितलं तर आई दारात. तिला पडदा दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन संक्रांतीनंतर आहे. पण आवाज बदलला ते तिने ओळखलं. म्हणाली, "संपलो खेळ?"

"व्हय."

"होडी दिसता?"

मी बटण खाली ठेवलं.

"सत्या, तो हात हालयणारो माणूस आसा? सुदेश सांगी तो?"

तिचा चेहरा बघून मला चौऱ्याण्णव साल आठवलं. बाबांना बोटीवर जाऊन चौदा महिने झाले होते आणि तीन महिन्यांत पत्र नव्हतं. आई रोज पोस्टमनची वाट बघायची आणि बघत नसल्यासारखं दाखवायची. तेव्हा तू एक दिवस जेवताना तिला सांगितलंस की शेवटच्या डावात लांबून एक माणूस येतो आणि हात हलवतो. तू ते वाडीला सांगतच नव्हतास. तू आईला सांगत होतास. वाडीला मी सांगितलं, हसण्यासाठी. हे कळायला मला तीस वर्षं लागली.

मी म्हणालो, "आसा गो आये. पांढऱ्या सदऱ्यातलो. हात हालयता हा."

आई त्या पहिल्या डावाच्या लाद्यांकडे तोंड करून उभी राहिली, मग आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं. त्या दिवशी जेवताना माझ्या ताटात सुरमईची कापं पडली. दोन. तू खरा ठरलास याचा तिला आनंद झाला असणार.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण संध्याकाळी मितेश भेटला, त्यालाही सांगितलं की माझा भाऊ खरं बोलत होता, मी स्वतः डोळ्यांनी बघितलं. मितेशला सांगणं म्हणजे दवंडी. आता तारकर्लीपासून मालवणपर्यंत तुझं नाव साफ आहे. आणि सव्वीस तारखेला विनीत कॅमेरा घेऊन येतोय. साठावा डाव सुटणार, अक्षरं येणार, आणि आईला कोणीतरी वाचून दाखवणार की होडी नाहीच. मला हे एकट्याने निभावणार नाही.

आता ते राहिलेलं सांगतो, का लपवली ते. वाटणी संपत आली होती. तुझ्या वाट्याचं सगळं तुला मिळालं होतं, कागद तयार होते. मला एकदम वाटलं, आता हा शेवटची वस्तू घेऊन जाईल आणि परत यायला याला काही कारणच उरणार नाही. काहीतरी तुझं माझ्याकडे राहायला हवं होतं, म्हणजे तू भांडायला तरी आला असतास. तू भांडायलाही आला नाहीस. तू गेल्यावर पहिल्या गणपतीत मी कॅसेट कागदात बांधून ओटीवर ठेवली होती, आलास की हातात द्यायची म्हणून. तू आला नाहीस. आरतीला मी बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा होतो. तू नसलास की हे घर मला माझ्या एकट्याचं वाटतच नाही.

कॅसेट तुझी आहे. समुद्रात टाक, नाहीतर विनीतला दे. पण ये.

दादा


बदलापूर
१६ जानेवारी २०२५

दादा,

पत्रं मिळाली. पाचही.

चोवीस तारखेला सकाळी बसने कसालला उतरतोय. दीपिका आणि सलोनी बरोबर आहेत, तेव्हा गाडी घेऊन ये, स्कूटर नको.

विनीतला मी खरं सांगणार आहे. पोराने पार जपानपर्यंत कळवलंय, त्याला फसवायला नको. वाडीला काय सांगायचं ते तुझं तू बघ, बोंब तू मारलीस. मला बंडल्या म्हटलेलं चालतं. ते खरंच आहे.

आईची काळजी करू नकोस. होडीचं खोटं आहे हे मी तिला त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, रडत रडत. तिने कोणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. तुझा साठावा डाव सुटला त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून मी घाबरून उचलला. एवढंच म्हणाली, "सत्यवान तुज्यासाठी माज्या तोंडार खोटा बोललो. आता तू येवक होयो."

म्हणून येतोय. तुझ्या पत्रांमुळे नाही.

सुदेश